डावीकडचा दिवा

१

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारचा एक नेम ठरून गेला होता. सकाळी नऊला अप्पा खुर्ची टाकून बसायचे, मी गाडीखाली शिरायची आणि अव्वा तासातासाला दारात येऊन विचारायची, "झाली का चालू?"

"होती की आता," अप्पा म्हणायचे.

"मागच्या रविवारी बी हेच म्हणाला होतात."

मग चहा यायचा.

अव्वा म्हणजे माझी आई आणि अप्पा म्हणजे माझे वडील, मडिवाळप्पा. लातूरला औसा रोडवर त्यांचं ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी ट्रक, ट्रॅक्टर, जीप, जे दारात येईल त्याची वायरिंग केली. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं परत आलं, पण डावा हात थरथरायचा तो थरथरतच राहिला. वायर सोलता येईना. दुकान बंद झालं. त्यानंतर अप्पा टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचे. बोलणं आलं होतं, पण बोलायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

मी स्वप्नाली. अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. लग्न केलं नाही, आईवडिलांपाशीच राहते. एका सहकाऱ्याच्या लग्नाला नायगावला गेले होते, तिथं कापसाच्या गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली ही गाडी दिसली. दोन सीटची, बुटकी, लाल, कापडी छताची. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी अशा थोड्याच गाड्या निघाल्या. पोरंसोरं त्याकाळी मागे धावायची म्हणे. गोडाऊनचे मालक शेषेराव म्हणाले, "धाकट्या भावाची हाय. तो गेला परदेशी, हौस इथंच राहिली. उंदरं खाऊन राहिलीत तिला."

मी डॅशबोर्डखालचा एक फोटो काढून घरी आणला आणि अप्पांसमोर धरला. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"ही वायरिंग कोण्या गाढवानं केलीय?" ते म्हणाले.

सहा महिन्यांत त्यांच्या तोंडून आलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. पुढच्या आठवड्यात गाडी टेम्पोवर चढून लातूरला आली.

२

मला वाटलं होतं, दोन-तीन महिन्यांचं काम. एक वर्ष लागलं.

सीट उचलली तर खाली उंदरांचं घरटं, त्यात शेंगांची टरफलं. रेडिएटर बदलला तर पंखा बसेना. पंखा बसवला तर बॉनेट लागेना. ब्रेकचा मास्टर सिलेंडर मिळता मिळेना. शेवटी दुसऱ्या एका गाडीचा आणून, लिंबाजीकाकांनी लेथवर मधली प्लेट फिरवून तो बसवला. लिंबाजीकाका अप्पांचे जुने दोस्त, दुकानाशेजारीच त्यांचं लेथ मशीन. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मडिवाळ, ही गाडी न्हाई, भांडणाला कारण हाय."

"तू प्लेट कर. भांडण मी करतो," अप्पा म्हणाले आणि हसले. तोंड एका बाजूनं थोडं वाकडं होत होतं, पण हसले.

हात माझे आणि डोकं अप्पांचं, असं आमचं चालायचं. "हिरवी ओढ. ती न्हाई, पोपटी न्हाई, हिरवी. फिजिक्स शिकवतीस आन् रंग कळंना?" मी तेलानं माखलेली बाहेर यायची आणि अव्वा कपाळाला हात लावायची. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

मार्च महिन्यातल्या एका दुपारी आम्ही दोघं शेडमध्ये बसून धपाटे खात होतो. बॅटरी चार्ज करायला घरात नेलेली होती. गाडीच्या डॅशबोर्डमधून आवाज आला. टिक्... टिक्... टिक्...

इंडिकेटर लावल्यावर येतो तसा. एका लयीत.

अप्पांचा घास थांबला. चाळीस वर्षं तो आवाज ऐकलेला कान त्यांचा. "फ्लॅशर वाजतोय," ते म्हणाले.

"बॅटरीच नाहीये, अप्पा."

"ते बी खरंच हाय."

मी म्हटलं, पत्रा तापलाय, धातू प्रसरण पावतोय, आवाज येणारच. वर्गात मी हे शिकवते. अप्पांनी मान डोलावली. तापलेला पत्रा असा मोजून वाजत नाही, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. आवाज थांबला आणि आम्ही उरलेले धपाटे संपवले.

३

जुनी वायरिंग अप्पांनी पूर्ण काढायला लावली. एक तारसुद्धा ठेवली नाही. "दुसऱ्याचं पाप आपल्या गाडीत नको," म्हणाले. सगळा गुंता भंगारात गेला, जुना फ्लॅशरही त्यातच. मग दोन महिने आम्ही नवीन वायरिंग केली. मी तार सोलायची, अप्पा उजव्या हातानं टोक धरायचे, डाव्या हाताच्या कोपरानं दाबायचे. एकदा डाव्या हाताची दोन बोटं वापरून त्यांनी टेप गुंडाळली. पाच मिनिटं लागली. टेप गुंडाळून झाल्यावर त्यांनी अव्वाला हाक मारली, तो सांधा दाखवायला. अव्वाला काय कळणार? तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "लई सुबक हाय."

जुलैमध्ये इंजिन चालू झालं. तिसऱ्यांदा सेल्फ मारला, गाडी खोकली, निळा धूर सोडला आणि मग असा काही आवाज धरला की शेजारची माणसं गच्चीवर आली. फोन केल्यावर लिंबाजीकाकांनी लेथ बंद करून धाव घेतली. अव्वानं बॉनेटला विभूती लावली, अप्पा खुर्चीतून उठून तसेच उभे राहिले, आधाराशिवाय.

सगळे गेल्यावर मी चावी काढली. अप्पा म्हणाले, "स्वप्ना, इकडं ये."

डॅशबोर्डवर डावीकडचा हिरवा बाण लागत-विझत होता. टिक्. टिक्.

इंडिकेटरची जोडणी आम्ही अजून केलीच नव्हती. नवीन फ्लॅशर खोक्यात बंद होता. अप्पांनी टेस्ट लॅम्प मागितला. मी एक टोक अर्थिंगला लावलं, दुसरं बाणाच्या होल्डरला. टेस्ट लॅम्प लागला नाही.

"करंट न्हाई," अप्पा हळू बोलले. मग होल्डरमधला बल्ब काढायला सांगितला. मी काढला आणि तो माझ्या तळहातावर ठेवला.

बाण तसाच लागत-विझत राहिला.

मी मागे सरले. बाहेरून काचेवर उजेड पडत असेल, कुठल्यातरी गच्चीवरचा डिश अँटेना हलत असेल, असं काय काय मी मनात रचलं. अप्पा मात्र बाणाकडे लहान मुलासारखे बघत होते.

"डावीकडं जायचं असंल तिला," ते म्हणाले. "जाऊ की."

४

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली ती येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला. त्या दिवशी लातूर शहर रिकामं होतं, सगळे आपापल्या नाहीतर दुसऱ्याच्या शेतात जेवायला जातात. लिंबाजीकाकांचं शेत चाकूरच्या अलीकडं. अव्वा त्यांच्या घरच्यांबरोबर जीपमध्ये पुढे गेली. गाडी मी चालवत होते, शेजारी अप्पा, कानटोपी घालून. छत खाली पाडलेलं. थंडीचं ऊन, दोन्हीकडं हरभरा आणि ज्वारी, नांदेडकडं जाणारा रस्ता मोकळा. अप्पा वाऱ्यावर ओरडून सांगत होते, "तिसरा टाक! आता चौथा! बग कशी पळती!" मोटरसायकलवाले शेजारी येऊन फोटो काढत होते.

वाटेत एक बंद पडलेली रसवंती आहे. नुसता लोखंडी घाणा आणि वर फाटका मंडप. ती मागे पडली आणि टिक्-टिक् सुरू झालं. डावा बाण.

इंडिकेटर आता रीतसर जोडलेला होता. खटका मधोमध होता. मी तो हलवून बघितला, काही फरक पडला नाही. आवाज जलद झाला. मी डावीकडं बघितलं, तर तूर उभी होती, सलग. रस्ता नाही, पायवाटसुद्धा नाही. शंभर पावलं पुढे गेलो आणि आवाज बंद.

अप्पा माझ्याकडे बघत नव्हते. मान वळवून मागे, त्या तुरीकडे बघत होते.

शेतात मग भाज्या-डाळींची भज्जी झाली, ज्वारीचे उंडे झाले, मडकं भरून ताकातलं आंबील झालं. लिंबाजीकाकांनी नातेवाइकांना गाडी अशी दाखवली जशी काय त्यांनीच घडवली. अप्पांनी तीन वेळा भज्जी घेतली. मला घास गोड लागला, खोटं कशाला बोलू. पण परत येताना मी रसवंतीची वाट बघत होते.

रसवंतीच्या अलीकडं टिक्-टिक् सुरू झालं. या वेळी उजवा बाण.

जाताना डावा, येताना उजवा. रात्री मी वहीत आकृती काढली आणि मग पान फाडून टाकलं. वायरिंगमधला बिघाड दिशा बदलत नाही. ते तारेत नव्हतंच. ते जागेत होतं.

५

पुढच्या शनिवारी क्लास सुटल्यावर मी स्कूटीवर एकटी तिथं गेले. दुपारचे तीन वाजले होते. एक बाई तुरीच्या कडेनं शेळी चारत होती. मी विचारलं, "मावशी, इथून आत रस्ता हाय का?"

"कुठला रस्ता? ह्यो तर पैल्यापासून आमचा बांध हाय."

मी डांबरी रस्त्याच्या कडेला उतरले. तिथं मऊ फुफाटा होता. त्यावर चाकांचे ठसे होते, डांबरावरून निघून तुरीच्या दिशेनं वळलेले. अरुंद चाकं. मी बोट ठेवून नक्षी बघितली. टायर मीच घेतले होते, नक्षी मला पाठ होती. ठसे पहिल्या तुरीपर्यंत जात होते आणि तिथं संपत होते. एकही झाड मोडलेलं नव्हतं.

आणि ते एकदाचे नव्हते. एकावर एक पडलेले, जुने-नवे, कितीतरी. परतीचा मात्र एकही नव्हता.

मी उठून उभी राहिले तर शेळीवाली बाई माझ्याकडे टक लावून बघत होती.

"त्या दिसी म्हातारबाबाला घेऊन आली होतीस ती तूच न्हवं?" ती म्हणाली. "लई हसत होतात बाई दोघं."

"येळवशीला?"

"न्हाई. परवा."

परवा गाडी शेडमध्ये होती, रेडिएटर काढलेला. मी स्कूटी वळवली. घरी कोणाला काही बोलले नाही.

६

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी नांदेडला जुन्या गाड्यांचा मेळा होता. अप्पांचं ठरलं होतं, जायचंच. त्यासाठी आम्ही पाच गिअरचा बॉक्स बसवला, रेडिएटरला विजेवरचा पंखा, पुढं नवे ब्रेक. लिंबाजीकाकांनी रंगाला शेवटचा हात दिला. मी दोनदा म्हणून बघितलं की गाडी टेम्पोवर नेऊ, नाहीतर दुसऱ्या वाटेनं लांबून जाऊ. अप्पांना राग आला नाही, ते फक्त म्हणाले, "टेम्पोवर नेली तर तिला गाडी का म्हणायचं?" त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी तो विषय सोडला. हा माणूस वर्षभरापूर्वी मुका टीव्ही बघत होता.

चाकूर जवळ आलं तसे ते म्हणाले, "बाजूला घे. मी चालवतो."

"अप्पा, हात?"

"गिअर तू टाक. क्लच दाबला की सांगतो."

डॉक्टरांनी पायांना हरकत घेतली नव्हती, हाताची हमी दिली नव्हती. रस्ता सरळ, रिकामा. मी जागा बदलली. अप्पा स्टिअरिंगवर बसले आणि त्यांची पाठ ताठ झाली. "हां," ते म्हणायचे, आणि मी गिअरच्या दांड्यावर त्यांच्या थरथरत्या डाव्या हातावर माझा हात ठेवून गिअर टाकायची. दोघांचा मिळून एक हात. दहाच मिनिटं चालवली असेल, पण त्या दहा मिनिटांत आम्ही इतके हसलो की माझ्या पोटात दुखायला लागलं. हसण्याच्या नादात रसवंती कधी आली मला कळलं नाही.

टिक्. टिक्. टिक्.

अप्पांनी वेग कमी केला. मी डावीकडं बघितलं.

तुरीच्या मधून रस्ता होता.

साधा गाडीरस्ता. काळी माती, मध्ये गवताची पट्टी, दोन्हीकडं तूर. दिवसाढवळ्या, ऊन पडलेलं. आणि त्यावरून एक लाल बुटकी गाडी हळूहळू आत चालली होती. छत पाडलेलं. आत दोन माणसं. चालवणाऱ्याच्या डोक्यावर तपकिरी कानटोपी. शेजारी पिवळा स्कार्फ वाऱ्यावर उडत होता. माझ्या गळ्याला तोच होता.

अप्पांनी गाडी थांबवली. इंजिन चालू होतं, तरी त्या दोघांचं हसणं मला स्पष्ट ऐकू आलं. अप्पांचं हसणं मी ओळखलं. आत्ताचं नव्हे, झटक्याआधीचं, भरल्या तोंडाचं. पुढच्या गाडीतल्या माणसानं डावा हात वर केला, सरळ, उंच, आणि तसाच धरला. तो हात जराही हलत नव्हता.

"लई खूश हायेत ती," अप्पा म्हणाले. स्टिअरिंग थोडं डावीकडं वळलं.

"अप्पा, सरळ चला."

"एकदा बघू की."

"अप्पा. अव्वा घरी एकटी हाय."

पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. ती थांबली. पिवळा स्कार्फ बांधलेलं डोकं सावकाश मागे वळायला लागलं.

मी खाली बघितलं. अप्पांची हनुवटी धरून त्यांचं तोंड माझ्याकडे वळवलं, आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असा हात लावला. "क्लच दाबा," मी म्हटलं. त्यांनी दाबला. मी त्यांच्या हातासकट पहिला गिअर टाकला. आम्ही सरळ निघालो. आवाज जलद झाला, अजून जलद, आणि मग एकदम थांबला.

७

नांदेडला काय धमाल झाली ते सांगायला हवं, कारण तीही खरीच आहे. मैदानावर साठ-सत्तर गाड्या होत्या, आमची सगळ्यांत लहान. तरी गर्दी आमच्याकडे. नायगावहून शेषेराव मुद्दाम आले होते. गाडीच्या दारावर हात फिरवून म्हणाले, "हिला आम्ही मेलेली समजत होतो की हो!" तिथल्या एका मेकॅनिकनं बॉनेट उघडून वायरिंग बघितली आणि विचारलं, "हे कोणाचं काम?" अप्पांनी छातीवर हात ठेवला. पोरं त्यांच्याबरोबर फोटो काढत होती. कानटोपी काढून, केस नीट करून ते प्रत्येक फोटोला उभे राहिले.

त्यातला एक फोटो मी दुपारी बारा वाजता अव्वाला पाठवला. तिनं बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. एरवी ती लगेच अंगठा पाठवते.

परतीला गाडी मी चालवली. ज्या जागी उजवा बाण लागला होता, तिथं काहीच झालं नाही. तूर उभी होती, सलग. अप्पा डोळे मिटून बसले होते, पण झोपले नव्हते.

८

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. अव्वानं जाळीचं दार उघडलं. केसांत मोगऱ्याची वेणी. घरभर हुग्गीचा वास, सणावारीच ती गव्हाची खीर करते. आम्हाला बघून ती हसली, पण जरा गोंधळली.

"पुन्हा कवा गेलात बाहीर?"

"पुन्हा म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय? सकाळी अकराला तर आलात. जेवलात. मग म्हणालात, पडतो जरा मागच्या खोलीत." ती अप्पांकडे वळली. "आन् मी म्हणलं, नांदेडला का गेला न्हाईत? तर म्हणालात, तिथं काय ठेवलंय. आता कुटंच जायचं न्हाई, इथंच ऱ्हायचं. तेवढ्यात फोटो आला. मी दावला स्वप्नाला. ती म्हणाली, जुना हाय तो."

मोरीत दोन ताटं विसळायची पडली होती.

"आन् हात!" अव्वाचा चेहरा फुलला. "हात बरा झाला की हो यांचा! दोन्ही हातांनी माजा हात धरला. म्हणून तर हुग्गी केली." तिनं अप्पांचा डावा हात उचलून धरला.

हात थरथरत होता.

अव्वा त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं मागच्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं.

अप्पा गेले आणि त्यांनी ते दार उघडलं. मी त्यांच्या मागे होते. दोन्ही पलंग रिकामे. चादरी चुरगळलेल्या. मी उशीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, उशी कोमट होती. परसाचं दार उघडं होतं. शेडमध्ये कोणी नव्हतं, पण आत नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाचा वास कोंडलेला होता. आमची गाडी पुढच्या अंगणात उभी होती, सकाळपासून शेडमध्ये गेलीच नव्हती.

आम्ही परत आलो तेव्हा अव्वा खाली बसली होती, रडत नव्हती, नुसती बसली होती. "मला कळायला पायजे होतं," ती म्हणाली. "ते येवढं हसत होते. तुमी आताशा तसं हसत न्हाई."

अप्पा तिच्याशेजारी जमिनीवर बसले. त्यांना बसायला वेळ लागला. मग त्यांनी तो थरथरता हात उचलला, उजव्या हाताच्या मदतीशिवाय, आणि तिच्या हातावर ठेवला. तो तिथं ठेवायला त्यांना बराच वेळ लागला, आणि ठेवल्यावरही तिच्या बांगड्या किणकिणत राहिल्या.

"ह्योच हाय माजा," ते म्हणाले. "पसंत असंल तर धर."

अव्वा हसली आणि मगच रडली. परसाच्या दाराला कडी घालून आम्ही तिघांनी हुग्गी खाल्ली. खूप खाल्ली. तिच्या हातची हुग्गी काही वाया घालवायची नसते.

९

गाडी आम्ही विकली नाही. लिंबाजीकाकांना यातलं काही माहीत नाही, ते आता तिला शिट्टीचा हॉर्न बसवायचं म्हणतात. इंडिकेटर लावला तरच लागतो. रविवारी आम्ही मुरुडकडं जातो, नांदेड रस्त्याला जात नाही. अप्पा अर्धा रस्ता चालवतात आणि गिअरला माझा हात लागतोच असं आता राहिलं नाही. औसा रोडचं दुकान त्यांनी पुन्हा उघडलंय, सकाळचे दोन तास. लोक नुसतं बोलायलाही येतात.

अव्वा मात्र एक करते. आम्ही फिरून आलो की ती लगेच दार उघडत नाही. जाळीच्या आतून म्हणते, "हात दावा." अप्पा डावा हात वर करतात. तो थरथरतोय हे बघून मगच ती कडी काढते. शेजाऱ्यांना वाटतं, या वयात यांची ही काय थट्टा चाललीय.

गेल्या मंगळवारी मी अप्पांना डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी हात पुढे धरायला सांगितला, बोटं मोजायला लावली, पेन उचलायला लावलं. मग खूश होऊन म्हणाले, "काय करताय काय तुम्ही, काका? लई छान सुधारणा आहे. दिवाळीपर्यंत थरथर पूर्ण जाईल बघा."

अप्पांना इतका आनंद झाला की येताना त्यांनी पेढे घेतले. फाटकापाशी आल्यावर मात्र पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला आणि डावा हात खिशात घातला.

"अव्वाला आत्ताच नको सांगू," ते म्हणाले.